बंदरांचे रक्षण : पाण्यावरचे हल्लेखोर आणि पाण्याखालचे घुसखोर

माणिकपूर : वसई रोड स्थानकातून पश्चिमेला उतरून माणिकपूरच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या नोकरदाराला समुद्र दिसत नाही. इमारती, दुकाने आणि रिक्षांच्या रांगा यांतून वाट काढताना किनारा अवघ्या काही किलोमीटरवर आहे, याची त्याला आठवणही होत नाही. मात्र पाचूबंदर, किल्लाबंदर आणि अर्नाळ्याचे कोळीवाडे, वसईच्या खाडीचे रुंद मुख आणि त्यापलीकडचा अरबी समुद्र हा सारा प्रदेश मुंबई बंदराचा उत्तरेकडील शेजार आहे. बंदराच्या संरक्षणाचा विचार करताना हा शेजार विसरता येत नाही, असा गेल्या तीन दशकांचा अनुभव आहे. मुंबईवर समुद्रमार्गे दोनदा संकट आले. दोन्ही वेळा शत्रूने बंदरातील युद्धनौकांना हात लावला नाही. ज्या ठिकाणी पहारा नव्हता, तेथून तो जमिनीवर आला.

१९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरवण्यात आले. १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ जणांचा बळी गेला. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यासाठी दहा दहशतवादी काही दिवस आधीच कराचीहून निघाले. त्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका ताब्यात घेतली आणि मुंबईजवळ आल्यावर रबरी होडीतून कफ परेड येथील मच्छीमार वसाहतीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले. त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. पाठीवर जड पिशव्या घेऊन उतरणाऱ्या या अनोळखी तरुणांना सर्वप्रथम पाहिले आणि हटकले ते तेथील कोळी बांधवांनी. कोणतेही रडार त्यांना टिपू शकले नव्हते.

दोन मार्ग, दोन वेग

बंदराला होणारा धोका मुख्यतः दोन मार्गांनी येतो. पहिला पाण्यावरून, म्हणजे स्फोटके भरलेल्या वेगवान होडीतून. दुसरा पाण्याखालून, म्हणजे पाणबुडे, छोट्या पाणबुड्या किंवा आता मानवरहित यंत्रे यांच्याद्वारे. दोहोंतील मूलभूत फरक वेगाचा आहे. तीस नॉट वेगाने येणारी होडी एक किलोमीटरचे अंतर सुमारे एका मिनिटात कापते. पाण्याखालून पोहत येणाऱ्या माणसाचा वेग साधारण एक नॉट असतो आणि तेच अंतर कापण्यास त्याला अर्धा तास लागतो. होडी डोळ्यांना दिसते, पण विचार करण्यास वेळ देत नाही. पाणबुडा वेळ देतो, पण दिसत नाही. बंदराच्या संरक्षणातील बहुतेक अडचणी या एका फरकातून निर्माण होतात.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण येमेनमधील एडन बंदरातील आहे. १२ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेची ‘कोल’ ही विनाशिका तेथे इंधन घेत असताना एक लहान होडी शांतपणे तिच्या बाजूला आली. बंदरात अशा होड्यांची ये-जा नेहमीचीच असल्याने कोणालाही संशय आला नाही. होडीतील दोघांनी स्वतःसह स्फोटके उडवली. युद्धनौकेला मोठे भगदाड पडले आणि १७ नौसैनिक मृत्युमुखी पडले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००२ मध्ये, येमेनच्याच किनाऱ्याजवळ ‘लिंबुर्ग’ या फ्रेंच तेलवाहू जहाजावर याच पद्धतीने हल्ला झाला.

आत्मघातकी नौकांचे तंत्र त्याआधीच आपल्या शेजारी विकसित झाले होते. श्रीलंकेतील ‘लिट्टे’च्या ‘सी टायगर्स’ या सागरी शाखेने १९९४ मध्ये ‘सागरवर्धना’ ही श्रीलंकेच्या नौदलाची मोठी गस्तीनौका आत्मघातकी होड्यांनी बुडवली. १९ एप्रिल १९९५ रोजी याच संघटनेच्या पाणबुड्यांनी त्रिंकोमाली बंदरात ‘सूरया’ आणि ‘रणसुरू’ या दोन नौकांना स्फोटके लावून जलसमाधी दिली. या हल्ल्याने श्रीलंकेतील शस्त्रसंधी संपुष्टात आली. एका रात्रीत काही पोहणाऱ्यांनी केलेल्या कृतीचा परिणाम पुढे अनेक वर्षे चाललेल्या युद्धात झाला.

दार उघडले आणि शत्रू आत आला

पाण्याखालील घुसखोरीचे आधुनिक तंत्र दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलाने सिद्ध केले. १९ डिसेंबर १९४१च्या पहाटे सहा इटालियन नौसैनिक तीन ‘मानवी टॉर्पेडों’वर स्वार होऊन इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. बंदराच्या तोंडाशी पोलादी जाळ्यांचा अडथळा होता. परंतु ब्रिटिश विनाशिकांना आत घेण्यासाठी तो उघडण्यात आला आणि त्याच वेळी हे सहाजण मागोमाग आत गेले. ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन अजस्र युद्धनौका त्यांनी तळाशी बसवल्या. अडथळा कितीही मजबूत असला, तरी आपल्याच जहाजांसाठी तो उघडावा लागतो, हा या घटनेतून मिळालेला पहिला धडा होय.

दुसरा धडा जिब्राल्टरचा. स्पेनमधील अल्खेसिरास बंदरात ‘ओल्टेरा’ नावाचे एक इटालियन जहाज अडकून पडले होते. इटालियन नौसैनिकांनी गुप्तपणे त्याच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, दार तयार केले आणि १९४२-४३ मध्ये तेथून समोरच्या जिब्राल्टरमधील जहाजांवर मोहिमा काढल्या. नजरेसमोर नांगरलेल्या निरुपद्रवी भासणाऱ्या जहाजाकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. जिब्राल्टरच्या ब्रिटिशांनी त्यावर साधा उपाय योजला होता. रात्रभर अनियमित अंतराने बंदराच्या पाण्यात छोटे स्फोट घडवले जात आणि पाणबुडे रोज जहाजांचे तळ तपासत. पाण्यात स्फोटाचा दाब हवेपेक्षा कितीतरी दूर आणि तीव्रतेने पोहोचत असल्याने जवळ असलेला पोहणारा वाचणे कठीण असते. पुढे श्रीलंकेच्या नौदलानेही हाच उपाय वापरला.

भारतानेही हे तंत्र वापरले आहे

या युद्धतंत्राशी भारताचा संबंध केवळ बचावापुरता नाही. १९७१ मध्ये भारतीय नौदलाने पश्चिम बंगालमधील प्लासी येथे, भागीरथीच्या काठी, पूर्व पाकिस्तानातील तरुणांना पोहण्याचे आणि जहाजाच्या तळाला चुंबकाने चिकटणारे लिम्पेट सुरुंग लावण्याचे प्रशिक्षण दिले. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेली दोन गाणी वाजणे, हा हल्ल्याचा संकेत होता. १५ व १६ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री चित्तगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत एकाच वेळी जहाजांखाली सुरुंग लावण्यात आले. छातीशी सुरुंग बांधून पोहत गेलेल्या या तरुणांपुढे बंदरांचा पहारा निष्प्रभ ठरला.

या नौदल कमांडो मोहिमेची सूत्रे मोहन नारायणराव सामंत या मराठी अधिकाऱ्याकडे होती. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी गनबोटी घेऊन मोंगला आणि खुलना येथे धडक मारली. त्यांना महावीरचक्राने गौरवण्यात आले. या मोहिमेची हकिकत जवळजवळ अर्धशतक गुप्त राहिली. संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सामंत यांचे निधन झाले. भारतीय नौदलाच्या ‘मार्कोस’ या सागरी कमांडो दलाची स्थापना १९८७ मध्ये झाली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यावेळी ताजमहाल हॉटेलात सर्वप्रथम शिरणाऱ्यांत या दलाचे जवान होते.

जे तंत्र आपण यशस्वीपणे वापरले, ते आपल्यावरही उलटू शकते, याची नौदलाला जाणीव आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्यातील एका व्याख्यानप्रसंगी तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल करमबीर सिंग यांनी जैश-ए-महंमद ही संघटना पाण्याखालून हल्ला करणाऱ्यांना प्रशिक्षण देत असल्याची गुप्तवार्ता असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. नौदल त्यासाठी सज्ज असल्याचेही त्यांनी स्पष्ट केले होते.

बंदराची पाण्याखालची तटबंदी

बंदराच्या रक्षणाची रचना साधारणपणे एकात एक असलेल्या कड्यांसारखी असते. सर्वांत बाहेर रडार, कॅमेरे आणि गस्तीनौका असतात. त्याच्या आत जहाजांभोवती ठरावीक अंतराचे निषिद्ध क्षेत्र आखलेले असते. त्याहून आत तरंगते अडथळे, जाळ्या आणि धक्क्यावरील सशस्त्र पहारा असतो. सर्वांत शेवटी जहाजाचा तळ तपासणारे पाणबुडे असतात.

पाण्याखाली रडार चालत नाही, कारण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरून जातात. तेथे ध्वनीचा, म्हणजे सोनारचा आधार घ्यावा लागतो. पाणबुड्यांचा शोध घेणारे सोनार उच्च वारंवारतेचे ध्वनी सोडते आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वस्तूचा आकार व चाल ओळखते. मात्र त्याचा पल्ला काही शे मीटरांचाच असतो. आठशे मीटरवर माणूस ओळखता आला, तर तो धक्क्याशी पोहोचेपर्यंत पहारेकऱ्यांच्या हाती सुमारे पंचवीस मिनिटे राहतात. ही वेळ पुरेशी आहे, पण प्रतिध्वनी माणसाचा आहे की मोठ्या माशाचा, हे ठरवण्यातच तिचा बराच भाग जातो. साध्या उपकरणाने श्वास घेणारा पाणबुडा बुडबुडे सोडतो आणि त्यामुळे सापडतो. बंद पद्धतीचे उपकरण वापरणारा बुडबुडे सोडत नाही. मात्र अशा उपकरणात शुद्ध प्राणवायू असल्यास सुमारे सहा मीटरपेक्षा खोल जाणे त्याच्या जिवाला धोक्याचे ठरते. त्यामुळे तो पृष्ठभागापासून फार दूर जाऊ शकत नाही.

भारतीय नौदलाने महत्त्वाच्या बंदरांत अशी एकात्मिक टेहळणी यंत्रणा उभारली आहे. अमेरिकेच्या नौदलाने तर यासाठी डॉल्फिन आणि सी लायन यांना शिकवले. १९७०-७१ मध्ये व्हिएतनाममधील कॅम रान्ह उपसागरात डॉल्फिनचा पहारा होता. सजीवाच्या नैसर्गिक सोनारची बरोबरी यंत्राला अजूनही पुरती साधलेली नाही, हे त्यामागचे कारण आहे.

पाण्याखाली अडथळा उभारण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. विजयदुर्गाजवळ समुद्रतळाशी शंभर मीटरहून अधिक लांबीची दगडी भिंत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यासली आहे. किल्ल्याकडे येणारी शत्रूची खोल तळाची जहाजे तिच्यावर आदळावीत, असा तिचा हेतू मानला जातो. पाण्यावरून न दिसणारी ही भिंत आजच्या तरंगत्या जाळ्यांची पूर्वजच म्हणावी लागेल.

वसईच्या खाडीचे दोन काठ

बंदर राखायचे तर खाडीचे दोन्ही काठ हाती हवेत, हे वसईच्याच इतिहासाने दाखवले आहे. चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा वेढा आवळला, त्या वेळी पोर्तुगीजांचा आधार समुद्रमार्गे येणारी रसद हाच होता. १७३९च्या मार्चमध्ये खाडीच्या दक्षिण काठावरील धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि खाडीच्या मुखावर त्यांचा वचक बसला. मे महिन्यात वसईचा किल्ला पडला.

आज या दोन्ही काठांचा पहारा एकाच छत्राखाली आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले. त्यापूर्वी उत्तर काठ पालघर ग्रामीण पोलिसांकडे, तर दक्षिण काठ ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होता. आता उत्तन व अर्नाळा ही सागरी पोलीस ठाणी याच आयुक्तालयात आहेत. खाडीवरील रेल्वेपूल, पाणजू बेट आणि २०२४ मध्ये सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो सेवा यांमुळे या पाण्यावरील वर्दळ वाढली आहे.

या भागातील निसर्गही दुधारी आहे. उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरने बदलते, खाडीत ओढ जोराची असते आणि गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचेही दिसत नाही. यामुळे पाणबुड्याचे काम अवघड होते, तसेच सोनारचेही. जागोजागी लावलेली डोल जाळी हा घुसखोराच्या वाटेतील अनपेक्षित अडथळा ठरू शकतो. मात्र ती जाळी कोठे आहेत, ओढ केव्हा फिरते आणि कोणती होडी कोणाची, हे ज्ञान कोणत्याही नियंत्रण कक्षात नाही. ते पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या तांडेलांकडे आहे.

यंत्रणा वाढली, फटी उरल्या

१९९३च्या स्फोटांनंतर महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. ती असतानाही २००८चा हल्ला झाला. त्यानंतर २००९ मध्ये एकंदर सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली. नौदल तळांच्या रक्षणासाठी ‘सागर प्रहरी बल’ स्थापन झाले. त्यासाठी एक हजार जवान आणि ८० वेगवान नौका मंजूर करण्यात आल्या. किनाऱ्यालगत सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल आणि खोल समुद्रात नौदल अशी विभागणी करण्यात आली. किनारी रडारांची साखळी उभी राहिली आणि त्यांची माहिती एकत्र करणाऱ्या गुरुग्राम येथील केंद्राचे उद्घाटन नोव्हेंबर २०१४ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते झाले. ‘सागर कवच’ या सरावात पोलीसच डमी अतिरेकी बनून किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करतात आणि पहाऱ्याची परीक्षा घेतात.

तरीही समुद्राने या यंत्रणेच्या फटी वेळोवेळी उघड्या पाडल्या. ३१ जुलै २०११ रोजी ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या किनाऱ्याला लागले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगडमधील हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ ही बेवारस नौका सापडली. तिच्यात तीन एके-४७ रायफली होत्या. ती मस्कतजवळ सोडून दिलेली नौका असल्याचे निष्पन्न झाले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उलट, जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळ रडारवर संशयास्पद बोट दिसल्याने मोठी शोधमोहीम हाती घेण्यात आली. तपासाअंती ती बोट नसून मासेमारीच्या जाळ्याला बांधलेला, वाहत आलेला बोया असल्याचे सांगण्यात आले. एकदा खरे जहाज दिसले नाही, एकदा नसलेली बोट दिसली. केवळ यंत्रावर विसंबण्याच्या या दोन बाजू आहेत.

खरी अडचण लहान होड्यांची आहे. मोठ्या जहाजांना आपली ओळख व स्थान सतत कळवणारे उपकरण बसवणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. भारतात वीस मीटर व त्याहून लांब यांत्रिक नौकांनाही ते लागू करण्यात आले. परंतु किनाऱ्यावरील असंख्य होड्या त्याहून लहान आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथेच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या संपर्क योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर भारतीय अवकाश संशोधन संस्थेने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने बसवायचे आहेत. संकटाचा संदेश पाठवण्याची सोयही त्यात आहे. वादळाची सूचना आणि मदतीची हाक याच उपकरणावरून जात असल्याने मच्छीमारांना ते लादलेले ओझे वाटण्याचे कारण नाही.

नवे बंदर, नवा धोका

त्याच दिवशी पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे हे बंदर पूर्ण झाल्यावर देशातील सर्वांत मोठ्या बंदरांत गणले जाईल. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९पासून याच किनाऱ्यावर आहे. आजवर मुंबईचा शेजार असलेला हा पट्टा उद्या स्वतःच संरक्षणाचे लक्ष्य बनणार आहे. या बंदराला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला. ज्यांच्या नजरेवर बंदराचा बाहेरचा पहारा अवलंबून राहणार, त्यांच्याच मनात या प्रकल्पाविषयी शंका असणे, ही सुरक्षेच्या दृष्टीनेही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही.

धोक्याचे स्वरूपही बदलते आहे. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी युक्रेनने सेवास्तोपोल या रशियन नौदल तळावर स्फोटके भरलेल्या मानवरहित होड्या पाठवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच होड्यांनी ‘इव्हानोवेत्स’ ही रशियन युद्धनौका बुडवली. आत्मघातकी हल्ल्यासाठी आता जिवावर उदार होणारा माणूस लागतोच असे नाही. दूरवरून चालवली जाणारी, पाण्याच्या पातळीला जवळजवळ टेकलेली होडी रडारलाही सहजी दिसत नाही.

यंत्र बदलले, तरी किनाऱ्यापर्यंतची वाट तीच आहे आणि त्या वाटेवर रोज पहाटे जाळी टाकायला जाणारी माणसेही तीच आहेत. कफ परेडच्या कोळ्यांनी २००८ मध्ये पाहिले, विचारले, पण त्यांची शंका वेळेत योग्य ठिकाणी पोहोचली नाही. किनारा सुरक्षेसाठीचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दूरध्वनी क्रमांक आज उपलब्ध आहेत. ते फिरवणाऱ्याला चौकशीच्या फेऱ्यात अडकण्याची भीती वाटू नये आणि त्याच्या शब्दाची तातडीने दखल घेतली जावी, एवढी व्यवस्था झाली, तर वसईच्या खाडीपासून वाढवणपर्यंतच्या किनाऱ्याला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जागरूक पहारा लाभेल.